दोन्ही काटे एकदमच खोटं बोलतात तेव्हा

1960 च्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत स्मिथ्स कंपनीचे बायमेटल गेज (तापून वाकणाऱ्या दोन धातूंच्या पट्टीवर चालणारे काटे) असतात. इंधन आणि तापमान, दोन्ही काटे एकाच 10 व्होल्टच्या स्टॅबिलायझरवर (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागावर) चालतात. दोन्ही एकदम चुकू लागले की आधी स्टॅबिलायझरच तपासा. त्याची बॉडी अर्थ, म्हणजे गाडीच्या धातूच्या बॉडीशी असलेली जोडणी, गंजली की पूर्ण 12 व्होल्ट पुढे जातात आणि काटे जास्त दाखवतात. जुना स्टॅबिलायझर करंट थांबून थांबून सोडतो, म्हणून डिजिटल मीटरवर आकडे उड्या मारतात. काट्याचा मीटर किंवा टेस्ट लॅम्प बरा, लॅम्प लुकलुकायला हवा. एकच काटा चुकत असेल तर सेंडरची (टाकीतल्या किंवा इंजिनवरच्या सेन्सरची) वायर काढून तिच्या आणि अर्थच्या मध्ये 68 ओहमचा रेझिस्टर जोडा. काटा हळूहळू चढतो, दोन मिनिटं थांबा. साधारण मध्यावर आला तर गेज ठीक, दोष सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. गेजला बॅटरी थेट कधीच लावू नका, आतली तार जळते.