मंद आचेवर डाळिंब्यांची उसळ आणि झाकणावरचे पाणी

मंद आचेवर शिजवणे म्हणजे गॅस बारीक करून निघून जाणे, असा समज आता फार पसरला आहे. प्रत्यक्षात या पद्धतीत आच किती आहे यापेक्षा भांड्यात काय चालले आहे, याकडे लक्ष द्यावे लागते. पाणी एकदा उकळू लागले की मोठी आच ठेवूनही त्याचे तापमान वाढत नाही. समुद्रसपाटीला ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, पुण्यात त्याहून किंचित कमी आणि महाबळेश्वरसारख्या उंचीवर साधारण ९५-९६ अंशांवरच पाणी उकळते. म्हणजे खळखळा उकळल्याने पदार्थ फारसा लवकर शिजत नाही; पाणी मात्र भराभर आटते आणि दाणे एकमेकांवर आपटून फुटतात. हे सर्वांत स्पष्ट दिसते ते सोललेल्या वालांच्या, म्हणजेच डाळिंब्यांच्या उसळीत, म्हणून येथे तीच रीत सविस्तर दिली आहे.

चार माणसांसाठी एक वाटी कोरडे कडवे वाल निवडून, धुऊन, भरपूर पाण्यात रात्रभर भिजवावेत. भिजवलेले पाणी वापरू नये, ते टाकून द्यावे. निथळलेले वाल ओलसर सुती फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवले, की उन्हाळ्यात १२ तासांत आणि थंडीत साधारण दिवसभराने मोड दिसू लागतात. मोड फार लांब होऊ देऊ नयेत, कारण ते शिजताना तुटून रस्सा गढूळ करतात. मोड आलेले वाल १५-२० मिनिटे कोमट पाण्यात ठेवल्यावर साल सैल होते आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत दाबताच डाळिंबी अलगद बाहेर येते. हे काम वेळखाऊ आहे, परंतु घरातल्या दोघा-तिघांनी मिळून बसल्यास कंटाळवाणे राहत नाही. श्रावणातल्या बिरड्यासाठी तर ते अनेक घरांत सगळ्यांचेच काम असते.

भांडे जाड बुडाचे आणि पसरट असावे. खोल पातेल्यात वरच्या थरांच्या भाराने तळाच्या डाळिंब्या चेपतात. पुढे आमसूल घालायचे असल्यामुळे लोखंडी कढई टाळावी, कारण आंबटाने लोखंडाचा अंश उतरून रस्सा काळपट होतो. स्टीलचे जाड पातेले किंवा कल्हई केलेले पितळेचे पातेले उत्तम. कल्हई उडालेले पितळ मात्र आंबटासाठी मुळीच वापरू नये.

दोन मोठे चमचे तेल तापवून मोहरी, जिरे, हिंग, हळद आणि कढीपत्त्याची फोडणी करावी आणि तीत डाळिंब्या घालाव्यात. त्या ढवळताना डाव मध्ये घुसवू नये. उलथन्याने कडेकडेने हलकेच वर-खाली कराव्यात किंवा भांडे दोन्ही हातांनी धरून हलवावे. लगेच वर एक खोलगट ताट ठेवून त्यात पेलाभर पाणी ओतावे आणि मध्यम आचेवर चार-पाच मिनिटे नुसती वाफ येऊ द्यावी. या पहिल्या वाफेत डाळिंबीला फोडणी लागते आणि तिचा कच्चा वासही जातो.

झाकणावरचे हे पाणी तीन कामे करते. ताट थंड राहिल्यामुळे वाफ त्याच्या खालच्या बाजूला जमून थेंबाथेंबाने पुन्हा भांड्यात पडते, म्हणून पदार्थ कमी पाण्यातही करपत नाही. तेच पाणी तापत राहिल्यामुळे उसळीत पाणी कमी पडले तर आयते गरम पाणी हाताशी असते. गार पाणी ओतून उकळी मोडण्याची वेळ येत नाही. तिसरे काम आचेचा अंदाज देण्याचे. ताटातले पाणी चांगले कढत झाले पाहिजे, परंतु ते डोळ्यांदेखत आटू लागले तर आच जास्त आहे, आणि १० मिनिटांनंतरही कोमटच राहिले तर फार कमी आहे, असे समजावे.

वाफ आल्यावर ताटातले गरम पाणी डाळिंब्या जेमतेम भिजतील इतकेच घालावे. त्या बुडून वर तरंगू लागल्या तर त्यांना नाचायला जागा मिळते आणि मग त्या मोडतात. आता आच वाढवून एक स्पष्ट उकळी येऊ द्यावी आणि मगच लहान बर्नरवर भांडे सरकवून आच मंद करावी. सुरुवातीपासूनच बारीक आच ठेवण्याची चूक बरेच जण करतात. त्यात डाळिंब्या फक्त गरम पाण्यात भिजत राहतात आणि शिजायला दुप्पट वेळ लागतो. चुलीवर स्वयंपाक असे तेव्हा हेच काम वैल, म्हणजे चुलीला जोडलेली मंद आचेची बाजूची चूल, करीत असे: मुख्य चुलीवर उकळी आणायची आणि भांडे शेजारच्या वैलावर सरकवायचे. परदेशातल्या विजेच्या शेगडीची तबकडी उशिरा निवते, तेथेही दुसरी तबकडी आधीच मंद तापवून ठेवली तर तोच परिणाम मिळतो.

योग्य आच ओळखण्यासाठी झाकण अलगद उचलून पाहावे. भांड्याच्या कडेला मधूनमधून एखादा बुडबुडा फुटतो, पृष्ठभाग किंचित थरथरतो आणि डाळिंब्या जागच्या हलत नाहीत, ही खूण. झाकण सारखे उघडू नये. पाच-सहा मिनिटांनी एकदा पाहणे पुरेसे आहे. साधारण १५ ते २० मिनिटांत डाळिंबी दोन बोटांत धरून दाबली असता पिठासारखी चुरते, पण न दाबता अखंड राहते. वाल जुने असतील तर आणखी वेळ लागेल, आणि तेथे घड्याळापेक्षा बोटांवर भरवसा ठेवावा.

ही खूण पटेपर्यंत आमसूल आणि गूळ घालू नये. आंबटामुळे आणि गोडामुळे कडधान्याचा दाणा मऊ होण्याची क्रिया मंदावते आणि नंतर कितीही शिजवले तरी मधला भाग कडक राहतो. मीठ आधी घातल्याने दाणे शिजत नाहीत असेही सांगतात, परंतु नेहमीच्या प्रमाणातल्या मिठाने तसा फरक पडल्याचे जाणवत नाही. दोष बहुधा आंबटाचा किंवा बोअरवेलच्या जड पाण्याचा असतो. डाळिंब्या शिजल्यावर तिखट, एक चमचा गोडा मसाला, मीठ, तीन-चार आमसुले आणि सुपारीएवढा गूळ घालून आणखी पाच मिनिटे त्याच आचेवर ठेवावे. नारळाचे दूध घालून बिरडे करायचे असेल तर ते अगदी शेवटी घालावे आणि कडेला पहिला बुडबुडा दिसताच आच बंद करावी, कारण खळखळून उकळल्यास ते फुटते.

प्रत्येक कडधान्याला ही रीत लावू नये. हरभरे आणि छोले कुकरमध्येच बरे. तेथे तापमान १२० अंशांच्या घरात जाते आणि टणक दाणा मुकाट्याने मऊ होतो. राजमा तर मंद आचेवर कच्चा शिजवणे धोक्याचे आहे: त्यातले विषारी द्रव्य नाहीसे होण्यासाठी तो भिजवून, पाणी बदलून, आधी किमान १० मिनिटे जोरात उकळावा लागतो, म्हणून विजेच्या मंदपाक भांड्यात (स्लो कुकरमध्ये) तो थेट घालू नये.

उरलेली उसळ दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावी. दुसऱ्या दिवशी ती दाट झालेली असते. अशा वेळी थोडे कढत पाणी कडेने सोडून, न ढवळता, झाकण ठेवून तिला पुन्हा चांगली वाफ आणावी आणि ओले खोबरे व कोथिंबीर त्यानंतरच घालावी.