तुमचा कॉमिक-हिरो फ्लेक्सवरचा वाटतोय? कॉम्पोझिट (वेगवेगळे फोटो जोडून एक चित्र) करताना या चुका टाळा

कॉमिकच्या फ्रेमसाठी डिसेंबरात सकाळी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचे फोटो काढले. आठवड्याभराने स्टुडिओत मित्राला फेटा बांधून उभा केला, समोरून सॉफ्टबॉक्स (मऊ उजेडाचा स्टुडिओ-लाइट) मारला, फोटोतून त्याला कापला आणि दरवाजापुढे नेऊन ठेवला. दिसला कसा? चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या दादांसारखा.

तासभर मी केसांच्या कडा घासत बसलो, पण चूक कापण्यात नव्हतीच, उजेडात होती. दिल्ली दरवाजाचं तोंड उत्तरेला. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेच्या अंगाने जातो, म्हणजे दरवाजाच्या मागून. दर्शनी भिंत सावलीत असते, आणि समोर उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर फक्त आभाळाचा मऊ, जरा निळसर उजेड. ऊन आलंच तर खांद्यावर, पाठीवर. मग स्टुडिओत कडक लाइट मागून तिरका हवा, आणि समोरचा मोठा, मऊ लाइट त्याच्यापेक्षा दीड-दोन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा उजेड). दुसऱ्यांदा तसं केलं आणि त्याच ढोबळ कापणीतही मित्र तिथलाच वाटायला लागला.

म्हणून लोकेशनवर एक फोटो जास्तीचा काढा: सोबत आलेल्या कुणालाही नायकाच्या जागी उभं करून. उन्हाची दिशा, सावलीची लांबी, कातडीवरचा रंग, सगळं त्यात मिळतं. कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची आणि त्या माणसापर्यंतचं अंतर वहीत लिहा. कॉमिकची फ्रेम भारदस्त दिसावी म्हणून आपण बाहेर गुडघ्याच्या उंचीवरून फोटो काढतो आणि स्टुडिओत आरामात छातीच्या उंचीवरून. मग दरवाजा वर चढतो आणि नायक उतारावरून घसरल्यासारखा दिसतो. हे वॉर्प करून (फोटो ताणून-वाकवून) सुटत नाही, पुन्हा शूट करावं लागतं. स्टुडिओ लहान म्हणून जवळ जाऊन वाइड लेन्स लावली तरी तेच. पर्स्पेक्टिव्ह अंतराने ठरतो, लेन्सने नाही.

पाय हवेत तरंगतायत? एकच धूसर सावली पुरत नाही. तळव्याला चिकटून बारीक, गडद रेघ आणि त्याखाली पसरत फिकी होणारी दुसरी सावली, दोन्ही मल्टिप्लायमध्ये (खालचा थर गडद करणारा लेयर-मोड).

आता कॉमिकचा साज. काळी आउटलाइन सगळीकडे सारख्या जाडीची दिली की स्टिकर तयार! उजेडाच्या बाजूला बारीक, सावलीच्या बाजूला जाड ठेवा. मागच्या दगडी बांधकामाला रेघा जवळजवळ नकोतच. छापील कॉमिकसारखे ठिपके सगळ्यात शेवटी, अंतिम आकार ठरल्यावर. ठिपके देऊन मग फोटो लहान केला की मॉइरेच्या (ठिपक्यांच्या जाळीतून उमटणाऱ्या नकली) लाटा उठतात, मोबाइलवर तर डोळ्यांना त्रासच.

आणि संवादांचे फुगे. जुन्या फोटोशॉपमध्ये ‘किल्ला’ लिहिलं की पहिली वेलांटी भलतीकडे जाते आणि ‘ल्ल’ फुटतो. दोष फॉन्टचा नसतो. प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन (पुढच्या आवृत्त्यांत वर्ल्ड-रेडी लेआउट) निवडा, प्रोग्रॅम बंद करून उघडा. ओळींमधलं अंतर इंग्रजी फुग्यांपेक्षा सढळ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या मात्रेत घुसतो.