नदीच्या पाणलोटासाठी राबणाऱ्या गटाला मदत कशी करावी

कचरा वेचायच्या दिवशी गटाला माणसे मिळतात. दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी पाणी मोजणारा माणूस मिळणे कठीण. गटाला खरी गरज त्याचीच असते, कारण सलग नोंदी हाती नसतील तर पाणी बिघडते आहे हे कुणालाच पटवता येत नाही.

१. नकाशा. समोच्च रेषांच्या (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या) नकाशावर मोजणीच्या जागेपासून दोन्ही अंगांनी माथ्यापर्यंत रेघ काढा. ती समोच्च रेषांना काटकोनात छेदत जायला हवी. आतला सगळा भाग त्या जागेचा पाणलोट. त्यातले नाले आणि सांडपाण्याची तोंडे टिपा. मग गटाला विचारा, कोणत्या टप्प्याकडे कुणाचेच लक्ष नाही? तोच घ्या.

२. नमुना. बाटली ओढ्याच्या पाण्याने ३ वेळा विसळा आणि ते पाणी खालच्या अंगाला ओता. प्रवाहाकडे तोंड करून, धारेच्या मध्यावर, साधारण १५ सेंटिमीटर खोलीवर बाटली भरा. पाठ फिरवून उभे राहिलात तर पायाने उठलेला गाळ थेट बाटलीत येतो. तापमान आणि विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजा. ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो आणि दुपारी वाढतो, त्यामुळे मोजणीची वेळ बदलली की तुलनाच संपते. शिवाय २० अंश सेल्सिअसला पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. तापमानाविना नुसता आकडा लिहू नका.

३. प्रवाह. सरळ वाहणारा १० मीटरचा पट्टा निवडा. अर्धी भरलेली बंद बाटली सोडा. रिकामी बाटली वाऱ्याने ढकलली जाते. समजा, तिला २० सेकंद लागले: वेग सेकंदाला ०.५ मीटर. रुंदी ४ मीटर आणि सरासरी खोली ०.३ मीटर असेल तर छेद १.२ चौरस मीटर. वेगाला छेदाने गुणा आणि तळाशी पाणी संथ असते म्हणून त्या गुणाकाराला पुन्हा ०.८५ ने गुणा. उत्तर येते सेकंदाला सुमारे ५१० लिटर. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर आत उतरू नका.

४. किडे. बारीक जाळी प्रवाहात धरून तिच्या वरच्या अंगाचा खडकाळ तळ ३ मिनिटे पायाने ढवळा. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय या उडत्या कीटकांची पाण्यात वाढणारी पिल्ले सापडली तर पाण्याची तब्येत बरी. नुसते लाल किडे आणि गांडुळासारखे बारीक कृमी असतील तर सेंद्रिय घाण मुरते आहे. पाण्याची चाचणी त्या घटकेपुरते सांगते, किडे मागच्या कित्येक आठवड्यांचे. मोजून झाले की ते परत सोडा. दुसऱ्या ओढ्यावर जाण्याआधी जाळी आणि बूट धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर परक्या प्रजाती आणि रोग तुमच्यासोबत तिकडे पोचतात.

५. नोंद. मोजता आले नाही तर रकाना मोकळा ठेवा; शून्य लिहिले की सरासरी बिघडते. आदल्या दिवशीचा पाऊस लिहाच.

६. माती अडवणे. काम माथ्याकडून पायथ्याकडे न्या. वरच्या घळी तशाच ठेवून खाली बांध घातला तर तो गाळाने भरतो आणि पुरात फुटतो. झाडे लावायची तर स्थानिकच, आणि पहिली २-३ वर्षे राखण कोण करणार हे ठरवूनच.

मासे मेलेले दिसले तर हात लावू नका. वेळ आणि फोटो टिपा, सांडपाण्याच्या संशयित तोंडाच्या वरच्या आणि खालच्या अंगाचा असे पाण्याचे दोन नमुने घ्या आणि त्याच दिवशी प्रदूषण पाहणाऱ्या यंत्रणेला कळवा. उद्यापर्यंत ते पाणी वाहून गेलेले असते.