गिअरबॉक्सचं ऑइल घरी बदलताना आधी वरचा बोल्ट

चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, सकाळी साडेसहाला इंदूरच्या सुदामानगरातून शाळेत जायला निघाले की पहिले दोन किलोमीटर दुसरा गिअर धड पडायचाच नाही. दांडी अर्ध्यावर अडायची, जोर केला की खर्रकन आवाज. गाडी तापली की सगळं सुरळीत. थोड्याच दिवसांपूर्वी एका गॅरेजने बिलात ‘गिअर ऑइल बदलले’ असं लिहून पैसे घेतले होते, त्यामुळे माझा संशय क्लचवर. शेवटी एका रविवारी टॉर्च घेऊन गाडीखाली वाकले. गिअरबॉक्सच्या दोन्ही बोल्टांवर (वरून ऑइल भरतात, खालून काढतात) वाळलेल्या चिखलाचा थर जसाच्या तसा होता, पाना लागल्याची एक खूण नाही. तेव्हा ठरवलं, हे काम आपल्या हातानेच करायचं. बाबा मिलमध्ये फिटर होते, पाने धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

ऑइल आणताना मॅन्युअल उघडून दोन गोष्टी कागदावर लिहून न्या: ग्रेड (ऑइल किती पातळ किंवा घट्ट) आणि जीएलचा आकडा (ते कोणत्या दात्यांसाठी). माझ्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकला ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ लागतं. छोटी ग्वालटोलीतल्या दुकानदाराने मला जीएल-५ चा डबा पुढे केला, “भिया लोग यही ले जाते हैं, मॅडम, एक नंबर ऊपर है.” वरचा नंबर म्हणजे जास्त चांगलं, असं इथे नसतं. जीएल-५ हे मुख्यतः डिफरन्शियलच्या (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या भागाच्या) हायपॉइड, म्हणजे एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या तिरक्या दात्यांसाठी. त्यात दाब झेलणारी गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. गिअर बदलताना सिंक्रोची (गिअर अलगद पाडणाऱ्या भागाची) पितळी कडी गिअरवरच्या शंकूला घासून दोघांचा वेग जुळवते. ऑइल फार निसरडं असेल तर ती पकड बसत नाही, आणि काही जीएल-५ ऑइलमधलं गंधक ते पितळच हळूहळू खातं. मॅन्युअलने जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-४ च घ्या. काही गाड्यांच्या गिअरबॉक्सला कंपनीचं वेगळंच फ्लुइड लागतं, तिथे तर बाजारातलं गिअर ऑइल चालतच नाही.

सोबत दोन नवे वॉशर घ्या, तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे, जुन्याच्या मापाचे. सियागंजातून दीड मीटर पारदर्शक नळी आणि एक फनेल. पसरट घमेलं घरात असतंच.

आता गाडी. पंधरा मिनिटं चालवून आणा, म्हणजे ऑइल पातळ होतं आणि तळाची घाणही त्याबरोबर वाहून येते. मग इंजिन बंद, हँडब्रेक, सपाट फरशी. जॅकने उचलून चार जॅक-स्टँडवर टेकवा. विटा चाकांना अडसर म्हणून ठीक, पण गाडीखाली टेकू म्हणून कधीही नाही. वीट वजनाखाली न सांगता फुटते. स्टँडवर ठेवल्यावर गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा, मगच खाली शिरा. चारही बाजू सारख्या उचलायचं कारण वेगळंच आहे: फक्त पुढून उचलली की गिअरबॉक्स तिरका होतो आणि ऑइलची पातळी चुकते. मी दाराखालच्या पट्टीवर गवंड्याची पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आणते.

यापुढचं सगळ्यात महत्त्वाचं. आधी वरचा, भरायचा बोल्ट सोडा. तो सुटल्याशिवाय खालच्याला हात लावू नका. खालचा उघडून ऑइल काढून टाकलं आणि वरचा गंजून अडकलेला निघाला, तर गाडी रिकाम्या गिअरबॉक्सनिशी घरातच बसेल. माझा वरचा बोल्ट सुटायला दोन दिवस लागले: रात्री गंज सोडवणारा स्प्रे, सकाळी लांब दांड्याचा पाना, पुन्हा स्प्रे. आणि हो, इंजिन ऑइलचा बोल्ट जवळच असतो. मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवा, अंदाजाने कोणताही उघडू नका.

खालचा बोल्ट काढताच ऑइल येतं, आधी जोरात, मग धारेने, मग थेंब थेंब. अर्धा तास तसंच राहू द्या. या वेळात त्या बोल्टाकडे बघा. माझ्या बोल्टाच्या टोकाला चुंबक आहे. त्यावर मेंदीच्या लगद्यासारखा मऊ, राखाडी थर होता. बोटांत चोळला तर कण लागला नाही. ती झीज नेहमीची, कापडाने पुसून टाकली. तिथे टोकदार तुकडा, दात्याचा टवका मिळाला असता तर नवं ऑइल भरण्याआधी गिअरबॉक्स उघडून घेतला असता. ऑइल मात्र काळं, गंधकाच्या उग्र वासाचं होतं. कॉफीत दूध घातल्यासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय, ते कुठून आलं हे आधी शोधा.

नवा वॉशर घालून बोल्ट पहिले काही आटे हाताने फिरवा. केसिंग ॲल्युमिनियमचं असतं, तिरका बसलेला बोल्ट पान्याने रेटला की आटे गेले. शेवटचा ताण टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच.

मग नळी बॉनेटमधून खाली सोडून तिचं टोक वरच्या भोकात घाला आणि फनेलने सावकाश ओता. हे ऑइल मधासारखं उतरतं, घाई करून चालत नाही. माझ्या गाडीत सव्वादोन लिटरच्या आसपास मावतं. भोकाच्या कडेवरून ऑइल ओघळू लागलं की थांबा. ओघळ बंद झाला, म्हणजे पातळी बरोबर. वर नवा वॉशर, बोल्ट, आणि काम झालं.

निघालेलं ऑइल जुन्या डब्यात भरून मी ओळखीच्या गॅरेजच्या पिंपात देऊन येते, तिथून रिसायकलवाले नेतात. नालीत एक थेंबही सोडू नका. आपल्या नाल्या कान्ह नदीत जातात आणि कान्ह पुढे शिप्रेत.

रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तर एक लांब फेरी मारा. मी आईला घेऊन ओंकारेश्वरला गेले. सिमरोलपुढच्या भेरूघाटात तिसऱ्यावरून दुसरा टाकला, तो दोन बोटांनी पडला.