फोटोबायोरिअ‍ॅक्टरमध्ये हवा सोडताना या चुका टाळा

फोटोबायोरिअ‍ॅक्टर म्हणजे उजेडात शेवाळ वाढवायचं पारदर्शक भांडं किंवा नळी. त्यातलं कल्चर (पाण्यात वाढवलेलं सूक्ष्म शेवाळ) वाढत नाहीये म्हटलं की बहुतेकांचा हात आधी एअर पंपाच्या नॉबवर जातो. हवा वाढवली की शेवाळ वाढणार, ही समजूत डोक्यातून काढाच. हवा तीन कामं करते: कार्बन डायऑक्साइड पुरवते, साठलेला ऑक्सिजन बाहेर काढते आणि पेशींना तळाशी बसू न देता उजेडात फिरवत ठेवते. यातलं नेमकं काय अडलंय ते आधी बघा.

मी एकदा कॉलममध्ये (उभ्या नळीच्या रिअ‍ॅक्टरमध्ये) ड्युनालिएला हे खाऱ्या पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ लावलं होतं, रंग फिका पडतोय म्हणून रोज थोडी हवा वाढवत गेले, वर बारीक बुडबुड्यांचा एअरस्टोनही टाकला आणि चौथ्या दिवशी वर फेसाचा थर, मायक्रोस्कोपखाली नुसता फुटलेल्या पेशींचा कचरा. ड्युनालिएलाला कडक पेशीभित्तिका नसते. बुडबुडा पाण्याच्या पृष्ठभागावर फुटतो तिथे सगळ्यात जोराचा झटका बसतो, आणि बारीक बुडबुडे त्यात जास्त वाईट. क्लोरेला हे दुसरं शेवाळ तेवढी हवा आरामात सोसतं, म्हणून क्लोरेलावर हात बसलेले लोक इथे हमखास फसतात. आणि मूळ कारण काय निघालं, तर मीडियममधलं (पोषक द्रावणातलं) नायट्रेट संपलं होतं! हवेचा संबंधच नव्हता. तेव्हापासून नाजूक जात असेल तर मी ०.१ व्हीव्हीएमवरच (मिनिटाला कल्चरच्या आकारमानाच्या ०.१ पट हवा) सुरू करते, म्हणजे १० लिटर कल्चरला मिनिटाला १ लिटर हवा, आणि वाढवायची तर आधी मायक्रोस्कोपखाली थेंब बघून.

दुसरी चूक, हवेत वेगळा सोडलेला कार्बन डायऑक्साइड रात्रभर चालू ठेवणं. दिवे बंद झाले की प्रकाशसंश्लेषण थांबतं, गॅस वापरायला कोणी नाही, मग तो पाण्यात विरघळत राहतो आणि सकाळी पीएच घसरलेला. गॅसचा व्हॉल्व दिव्यांच्याच टायमरवर लावा. पण साधी हवा रात्रीही हवीच, कारण पेशी अंधारात श्वसन करतात आणि बंद केली तर तळाला बसतात. वीज वाचवायला रात्री पंप बंद करणारे मला अजिबात पटत नाहीत.

पंप कल्चरच्या पातळीच्या वर ठेवा आणि नळीत चेक व्हॉल्व (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) लावा, नाहीतर वीज गेली की कल्चर उलट पंपात. हवेच्या नळीतला जंतू अडवणारा ०.२ मायक्रॉनचा फिल्टर ओला झाला तर हवा अडते, बदला. कोरडी हवा पाणी उडवून नेते आणि खारटपणा वाढतो, म्हणून मी कॉलमवर मार्करने रेघ मारते आणि निर्जंतुक डिस्टिल्ड पाण्याने तिथपर्यंत भरते. लांब नळ्यांच्या रिअ‍ॅक्टरमध्ये ऑक्सिजन साठून वाढ मंदावते, तिथे गॅस काढायच्या टाकीतली हवा वाढवा, नळीतली नाही.