समुद्र शिकायचा असेल तर अकरावीत गणित सोडू नका

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, तेव्हा मी सांगलीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला त्यामागचे एक मोठे कारण प्रशांत महासागराच्या तापलेल्या पाण्यात, म्हणजे एल निनोत होते, असे त्याच सुमारास वाचले आणि समुद्रविज्ञान शिकायचे हे मी तिथेच ठरवले. माणसाने हवेत सोडलेल्या वायूंमुळे पृथ्वीवर अडकलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्रांनी पोटात घेतली आहे, आणि त्याचा हिशेब किनाऱ्यावरच्या कोळ्यांइतकाच जत-आटपाडीच्या शेतकऱ्यालाही चुकता करावा लागतो. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस अरबी समुद्रात क्यार आणि महा ही दोन चक्रीवादळे एकाच वेळी घोंगावत होती. त्याच दिवसांत तासगावजवळच्या आमच्या द्राक्षबागेत छाटणीनंतर निघालेल्या कोवळ्या घडांवर, पावसाळी ओल्या हवेत, दावण्या रोग पसरला आणि आण्णा रात्री दोन वाजता ब्लोअर घेऊन फवारणीला उभे होते.

आता माझी चूक सांगते, कारण हा लेख तिच्यासाठीच आहे. अकरावीत मी गणित सोडून जीवशास्त्र ठेवले होते आणि पुढे प्राणिशास्त्रात पदवी घेतली; समुद्र म्हणजे मासे, प्रवाळ आणि शेवाळ, अशी माझी समजूत असल्याने तेवढे पुरेल असे वाटले. समुद्राच्या भौतिक शाखेला, म्हणजे लाटा, प्रवाह आणि तापमानाच्या अभ्यासाला, प्रवेश घेताना अनेक ठिकाणी पदवीपर्यंतचे गणित मागतात, हे मला अर्ज भरताना कळले. जैविक शाखेत प्रवेश मिळाला, म्हणून मी निर्धास्त झाले. 'गणित नंतर बघू' असे मला वडीलधाऱ्यांपैकी दोघांनी सांगितले होते. असे सांगणाऱ्याचा सल्ला या विषयात तरी घेऊ नका.

पुढे जहाजावर गेले. तीनशे मीटर खोलीवरून आलेल्या बाटलीतले पाणी, बुडबुडा येऊ नये म्हणून रबरी नळी तळाला टेकवून, मी काचेच्या कुपीत भरले आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजण्यासाठी त्यात मँगनीज क्लोराइड व अल्कधर्मी आयोडाइड घातले. पृष्ठभागाच्या पाण्यात तपकिरी साका बसला होता. या कुपीत तो पांढरा बसला. माझ्या हातून रसायन चुकले असे समजून मी दुसरी कुपी भरली, तोही पांढराच. मग वरिष्ठ ताईंनी सांगितले, "चूक नाही, या पाण्यात ऑक्सिजनच जवळपास नाही." अरबी समुद्राच्या मधल्या थरात असा पट्टा आहे. वरून पडणारे सेंद्रिय द्रव्य कुजताना जिवाणू ऑक्सिजन वापरतात, हे अर्धे उत्तर मला येत होते. तिथे ताजे पाणी इतके सावकाश का पोहोचते, हे उरलेले अर्धे उत्तर प्रवाहांच्या समीकरणांत होते आणि ती मला वाचता येत नव्हती. त्यानंतरची दोन वर्षे मी रात्री बारावीच्या पुस्तकातून कलन (कॅल्क्युलस) शिकत होते. एकाच कुपीतल्या पाण्यात जीवशास्त्र, रसायन आणि गणित एकत्र असतात. अकरावीचे गट समुद्राला ठाऊक नाहीत.

तरीही ज्यांचे गणित सुटले आहे त्यांनी खचून जाऊ नये. ते उशिरा शिकता येते, मी शिकले. फक्त वेळ दुप्पट लागतो आणि मन थकते. पोहता येत नाही, समुद्र पाहिलेला नाही, इंग्रजी कच्चे आहे, या अडचणी किरकोळ आहेत. गोवा विद्यापीठ आणि कोचीचे विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ (कुसाट) येथे पदव्युत्तर शिक्षण मिळते. गोव्यातल्या दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून संशोधन करते, तर हैदराबादच्या इन्कॉइस या राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रातून त्सुनामीचे इशारे आणि मच्छीमारांसाठी मासळीच्या ठिकाणांचे सल्ले निघतात. मार्गदर्शक निवडताना नावापेक्षा, तुमच्या वहीतले आकडे तो स्वतः तपासतो का, एवढे पाहा.

सुरुवात घरूनच करता येईल. जगभरच्या समुद्रांत अर्गो या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची सुमारे चार हजार तरंगती यंत्रे दर दहा दिवसांनी साधारण दोन हजार मीटरपर्यंत जाऊन तापमान आणि क्षारता मोजतात, आणि ते आकडे कोणालाही मोफत मिळतात. अरबी समुद्रातले एक यंत्र निवडा आणि खोलीनुसार तापमानाचा आलेख स्वतः काढा. दुसऱ्याचा तयार प्रोग्राम उतरवून घेतलात तर आलेख मिळेल, पण चूक कुठे आहे हे कधीच दिसणार नाही. पहिला आलेख बहुधा उलटा येईल, कारण समुद्रात खोली खालच्या दिशेने वाढते. तो सुलटा झाला की दुसऱ्या यंत्राचे आकडे घ्या.