मंदक्रोध व्हायचं कसं: घरातल्या घरात करायचा सराव

चटकन चिडणाऱ्या माणसाबद्दल आपण म्हणतो, याच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. बायबलच्या जुन्या कराराची हिब्रू भाषाही रागाला नाकातच ठेवते. नाक आणि राग या दोन्हींना तिथे ‘अफ’ हा एकच शब्द आहे. निर्गमाच्या ३४ व्या अध्यायात देव मोशेला स्वतःची ओळख सांगतो, तेव्हा मराठी बायबलात, म्हणजे आपल्या शास्त्रात, ‘मंदक्रोध’, म्हणजे लवकर न रागावणारा, हा सुंदर शब्द येतो. मुळात तिथे शब्दशः ‘लांब नाकाचा’ असं आहे. तापलेल्या श्वासाला बाहेर पडायला लांबची वाट चालावी लागते, असं हे चित्र. सराव करताना तेच डोळ्यांसमोर ठेवा. राग येणारच. तो आल्यापासून तोंडातून शब्द पडेपर्यंतची वाट लांबवायची, एवढंच काम आहे.

आधी आपल्याला नक्की काय कमी पडतंय ते ओळखा. नव्या करारात यासाठी दोन वेगळे ग्रीक शब्द आहेत. ‘माक्रोथुमिया’ म्हणजे माणसांच्या बाबतीत राग लांबवणं. गलतीकरांस पत्राच्या ५:२२ मध्ये आत्म्याच्या फळात मोजलेली सहनशीलता ती हीच. ‘हुपोमोने’ म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणं, आपल्या शास्त्रातला ‘धीर’: संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा (रोमकरांस ५:३-४). विसरभोळ्या सासऱ्यांवर ओरडणाऱ्याला पहिली हवी. पुनर्विकासाला दिलेल्या घराची संक्रमण शिबिरात बसून वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्याला दुसरा हवा. पण बहुतेक घरांत धीर संपला की त्याची किंमत सहनशीलता मोजते. बिल्डरने भाडं थकवलेलं असतं आणि धपाटा गृहपाठ न केलेल्या पोराला बसतो. म्हणून एकाच्या जागी दुसऱ्याचं औषध घेऊ नका.

आठवडाभराची नोंद

पहिले सात दिवस स्वतःला सुधारायला जाऊ नका, फक्त लिहा. मोबाईलमध्ये चालेल, वहीत उत्तम. आवाज चढला की चार गोष्टी टिपायच्या: वेळ, जागा, समोर कोण होतं, आणि पोटात काय होतं. शेवटचं गमतीने लिहिलेलं नाही. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागतो, तेव्हा देव त्याला उपदेश करत नाही. दूत त्याला झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला लावतो. दुपारी एकचा डबा आणि रात्री साडेआठची विरार लोकल यांच्यात एक कटिंग चहाच असेल, तर घरी पोचल्यावरच्या चिडण्यातला मोठा भाग भुकेचा असतो. पर्समध्ये मूठभर शेंगदाणे किंवा राजगिऱ्याची वडी ठेवा आणि दार उघडण्याआधी खा. यात आध्यात्मिक काय, असं वाटणाऱ्यांनी तो अध्याय पुन्हा वाचावा.

आठवडा संपल्यावर वही उघडलीत तर दिसेल की राग सगळीकडे येत नाही, तीन-चार ठरलेल्या जागीच येतो. त्यातली एकच निवडा. सगळ्या एकदम धरल्या तर तिसऱ्या दिवशी सराव सुटतो आणि वर ‘आपल्याला जमत नाही’ ही खूणगाठ बसते. मुदत म्हणून नऊ आठवडे धरा. माहीमच्या चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे नऊ वेळा करायच्या प्रार्थनेला, जाणाऱ्यांना नऊ बुधवारांची सवय आहेच. त्या रांगेत उभं राहताना या वेळी ‘त्यांचा स्वभाव बदल’ असं न मागता आपल्या त्या एका जागेसाठी मागावं. नोव्हेना न करणाऱ्या मंडळींना ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे ४० दिवस तितकेच उपयोगी.

उंबरठ्यावरची प्रार्थना

राग आल्यावर प्रार्थना आठवत नाही. म्हणून ती राग येण्याच्या जागेच्या अलीकडे ठेवायची. पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत शतकानुशतके म्हटली जाणारी एक ओळ आहे: ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ श्वास घेताना अर्धी, सोडताना अर्धी. जिना चढून दारापाशी आलात की बेल वाजवण्याआधी तीन वेळा, चपला काढताना. तीनच. दहा ठरवल्या तर पावसाळ्यात ओली छत्री, पिशव्या आणि दमलेले पाय घेऊन कोणी म्हणत नाही. सोडलेला श्वास घेतलेल्या श्वासापेक्षा लांब ठेवा. शरीर त्यानेच निवळायला लागतं.

आता आत काय करायचं ते पाहू, कारण खरी परीक्षा तिथे आहे. समजा विसरण्याचा आजार असलेले आजोबा पाचव्यांदा विचारताहेत, ‘पाणी आलं का?’ कुकरची दुसरी शिट्टी झालेली, फोन वाजतोय. ‘आत्ताच सांगितलं ना!’ हे उत्तर तोंडाशी येतं, आणि ते निरुपयोगी आहे. सांगितलेलं त्यांना आठवत नाही, फक्त आपला आवाज लागतो. पाचही वेळा तेच छोटं वाक्य, त्याच सुरात द्या: ‘आलं बाबा, भरून ठेवलंय.’ नवीन उत्तर शोधण्यातच आपण दमतो, म्हणून वाक्य ठरलेलं असावं. बोलताना हात त्यांच्या हातावर ठेवा. मग हाताला काम द्या: वाटाण्याच्या शेंगा सोलायला, रुमालांच्या घड्या करायला. प्रश्नामागे बहुतेकदा पाण्याची चिंता नसते. आपण इथे आहोत ना, कोणी आहे ना, एवढंच त्यांना पडताळायचं असतं.

समोर शहाणासुरता माणूस असेल तर उपाय वेगळा. ‘मी आत्ता चिडलेय. दहा मिनिटांनी बोलते,’ असं सांगून बाजूला व्हा. मुंबईच्या दोन खोल्यांत बाजूला कुठे व्हायचं? गॅलरी, जिना, नाहीतर कचऱ्याची पिशवी घेऊन खाली. पण दहाव्या मिनिटाला परत यायचंच. इथेच सगळ्यात मोठी चूक होते: दहा मिनिटांचा अबोला होतो, अबोल्याचे तीन दिवस होतात, आणि घरातले म्हणतात, ‘केवढी सोशिक आहे.’ अबोला हा थंड केलेला राग आहे. इफिसकरांस पत्राचा नियम (४:२६) सोपा आहे, राग ठेवून सूर्य मावळू द्यायचा नाही.

गिळू नका, वर न्या

गिळलेला राग कुठे जातो? तो वर, देवाकडे, न्यायची वाट बायबलमधल्या स्तोत्रांत आहे. १३ वं स्तोत्र घ्या, सहाच वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो, थेट देवाच्या तोंडावर. पुढच्या दोन वचनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. याच साच्यात आपलं लिहा. चार ‘कोठवर’, आपल्या घरच्या शब्दांत: हा खटला कोठवर, आईचं हे दुखणं कोठवर. मग एक मागणं, नेमकं. ‘शांती दे’ यापेक्षा ‘गुरुवारच्या तारखेला माझा आवाज शांत ठेव’ हे बरं. भरवशाची ओळ शेवटी, आणि ती आज मनापासून निघत नसेल तर कागद तिथेच थांबवा. ८८ वं स्तोत्रही अंधारातच संपतं आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. देवाकडे तक्रार करणारा विश्वासात कमी पडतो, ही समजूत आपल्या मंडळ्यांत फार आहे आणि तिने फार नुकसान केलंय.

वाट पाहण्याबद्दल याकोब (५:७) शेतकऱ्याचा दाखला देतो, जो पहिल्या आणि शेवटच्या पावसापर्यंत धीर धरतो. कोकणातला शेतकरीही जूनकडे डोळे लावून बसतो, पण तोवर त्याने राब भाजून, म्हणजे पालापाचोळा जाळून, रोपांची जागा तयार ठेवलेली असते. म्हणून धीराच्या बाजूलाही आठवड्याला एक काम ठरवा: एक अर्ज, एक फोन, एक कागद फाईलला. ते झालं की उरलेले सहा दिवस त्या विषयाची घरात चर्चा नाही.

मोडलं तर

मोडणारच. ओरडून झाल्यावर माफी त्याच दिवशी मागा, आणि त्यात ‘पण’ नको. ‘मी ओरडले, चुकलं माझं.’ पूर्णविराम. ‘पण तूही ना...’ आलं की ती माफी राहत नाही, दुसरी फेरी सुरू होते. लहान मुलांचीही मागावी, खाली बसून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

दुसऱ्याला माफ करताना त्याची चूक किरकोळ होती असं स्वतःला पटवू नका. मत्तयाच्या १८ व्या अध्यायातल्या दाखल्यात राजाने ज्याचं प्रचंड देणं माफ केलं तो दास सोबतीच्या दासाला मात्र सोडत नाही; त्या सोबत्याकडून येणं आहे शंभर दिनार. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे तीन-चार महिन्यांची कमाई. ती चिल्लर नव्हे. प्रभू फक्त तिच्याशेजारी दहा हजार तालांतांचं देणं ठेवतो, आणि एक तालांत सुमारे सहा हजार दिनारांचा.

जिथे सहन करायचं नाही

मारहाण, पैसे हिसकावणं, मुलांना इजा, यांना हा सराव लागू नाही. ‘तुझा क्रूस आहे, वाहा’ असं कोणी सांगितलं तर योहान १८:२३ उघडा. चपराक बसल्यावर प्रभूने विचारलं, मला का मारतोस? फिलिप्पै शहरात फटके खाल्लेल्या प्रेषित पौलाने गुपचूप निघून जायला नकार दिला आणि अधिकाऱ्यांना स्वतः यायला लावलं (प्रेषितांची कृत्ये १६:३७). तातडीला ११२, महिलांसाठी १८१. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा ख्रिस्ती घरांनाही तितकाच लागू आहे. आधी सुरक्षित जागी जा. क्षमेचा विचार तिथे पोचल्यावर.

नऊ आठवड्यांनी पहिली वही काढून ताडून पाहा. राग किती वेळा आला हे मोजू नका, तो आकडा फारसा हलत नाही. घरातल्या माणसांकडे बघा. आजोबा पाण्याचं विचारण्याआधी तुमच्या चेहऱ्याचा अंदाज घेत नसतील, नुसतंच विचारत असतील, तर दुसरी जागा निवडायला हरकत नाही.